गुळगुळीत कागदावरचा रशिया

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या मंडळींना वह्या-पुस्तकांची ती कव्हरं नक्की आठवत असतील. 'सोव्हिएत लँड'चा जाड, गुळगुळीत, रंगीत कागद! दिल्लीच्या सोव्हिएत दूतावासातर्फे ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघे. वर्गणी नाममात्र, त्यामुळे मध्यमवर्गीय घरालाही परवडे.

त्या पानांवर आम्ही ट्रॅक्टर चालवणाऱ्या हसऱ्या बायका पाहिल्या, अंतराळवीर पाहिले, गव्हाची अफाट शेतं पाहिली. त्यातलं सगळं खोटं होतं असं नाही. पण दुकानापुढच्या रांगेत ताटकळणारी एकही बाई कधी दिसली नाही. सरकारी बातमीची खरी गंमत इथंच आहे. ती काय सांगते यापेक्षा काय गाळते, ते महत्त्वाचं. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. स्वीडनमधल्या यंत्रांनी किरणोत्सर्ग पकडला, तेव्हा कुठे २८ तारखेच्या रात्री मॉस्कोने त्रोटक चार ओळी वाचून दाखवल्या.

हे आज उगाळायचं कारण म्हणजे आमचं क्वेकर्स हिल. शनिवारी चार मराठी घरं जेवायला जमली, की वरणभाताबरोबर युक्रेन हमखास वाढलं जातं. कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ दाखवतं आणि म्हणतं, "अहो, रशिया आपला जुना मित्र. १९७१ साली तोच पाठीशी उभा राहिला!" अगदी खरं. पण मैत्री वेगळी नि साक्ष वेगळी. मित्र सांगतो म्हणून आपण डोळे मिटून दुधाचा हिशेबसुद्धा मान्य करत नाही, मग युद्धाची बातमी कशी करायची? अशाच एका वादातून इथल्या दोन घरांचं येणं-जाणं थांबलं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा हटकून येतो: "फेब्रुवारी २०२२ मध्ये फॉक्सटेलने 'आरटी' वाहिनी काढूनच टाकली. मग इथं तरी कुठं आलंय स्वातंत्र्य?" प्रश्न रास्त आहे. आम्हाला विचाराल तर प्रेक्षकाला बघू द्यावं, त्याचं त्याला ठरवू द्यावं. पण फरक असा, की हे मत आम्ही इथं बिनधास्त छापू शकतो. रशियात मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याबद्दल 'खोटी' माहिती दिली तर १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि खोटी कोणती ते सरकार ठरवणार. युद्धाला युद्ध म्हणायची चोरी! 'नोवाया गाझेता' या वृत्तपत्राच्या आन्ना पोलितकोव्स्काया यांचा २००६ मध्ये खून झाला. त्याचे संपादक दिमित्री मुरातोव यांना २०२१ चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि पुढच्याच मार्चमध्ये अंक थांबवावा लागला.

'केसरी'तल्या लेखांपायी टिळकांना १९०८ साली ६ वर्षांची शिक्षा झाली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्या आणीबाणीची पाठराखण कोणी केली होती? आपल्या त्याच जुन्या मित्राने, मॉस्कोने!

इथं वाढलेली आपली मुलं विचारतात, "बाबा, मग खरं कुणाचं मानायचं?" आम्ही त्यांना दोनच प्रश्न शिकवतो. बातमी देणाऱ्याचा पगार कोण देतं? आणि तिथंच राहून तो त्या मालकाविरुद्ध लिहू शकतो का? हेच प्रश्न दिल्लीच्या वाहिन्यांना विचारा, सिडनीच्या पेपरांनाही विचारा. उत्तरं नेहमी सुखाची येणार नाहीत.

तुमच्या घरी हा वाद कसा रंगतो? जरूर कळवा. आणि शनिवारी भांडलात तरी रविवारी चहाला या!