अवजारांचा क्रम

साहित्यिकांच्या टेबलांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. कोणाची दौत कोठे असे, कोण पाठकोऱ्या कागदांवर लिही, कोणाच्या खोलीत पुस्तकांचे ढीग कसे कलंडलेले असत, याची वर्णने स्मरणलेखांतून विपुल सापडतात. सुताराच्या, फिटरच्या किंवा गिरणीतल्या मिस्त्रीच्या खणात काय कसे ठेवलेले असे, याविषयी मात्र आपले गद्य जवळजवळ मुके आहे. ग्रामीण कथेत वाकस येतो, रंधा येतो. पण बहुधा जातीची खूण म्हणून, नाहीतर हरवलेल्या गावाच्या आठवणीतील शोभेची वस्तू म्हणून. काम संपल्यावर तो वाकस कोठे ठेवला गेला आणि दुसऱ्या दिवशी न शोधता हाताला कसा लागला, हा प्रश्न लेखकाला सहसा पडत नाही. मला तो पडण्याचे कारण घरगुती आहे.

कामठा हे माझे आजोळ. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवरचे, एकेकाळी जमीनदारीचे ठाणे असलेले गाव. सभोवार धानाचे बांध, आणि गोंदियाकडे जावे तसतशा राइस मिली. माझे मामाजी (आमच्याकडे मामांना असेच म्हणतात) जातीने आणि शिक्षणाने सुतार. पण वाकस-पटाशीवर पोट भरण्याचे दिवस त्यांच्या तरुणपणीच सरत आले होते. बैलगाड्यांना रबरी टायर आले, नांगर लोखंडाचे झाले, आणि मामाजी राइस मिलचे मिस्त्री झाले. हलरची जाळी बदलणे, शेलरच्या रबरी रुळांमधले अंतर जुळवणे, तुटलेला पट्टा सांधणे, एलिव्हेटरची लाकडी पेटी दुरुस्त करणे, अशी सगळी कामे. त्यामुळे त्यांच्या पेटीत दोन व्यवसाय एकत्र नांदत असत : एका बाजूला पटाशा, रंधे, गुण्या, गिरमिट, दुसऱ्या बाजूला पाने, पेचकस, पक्कड, कानशी, बेअरिंग ओढायचा पुलर. नांदत असत म्हणजे एकमेकांवर आदळत असत. पत्र्याच्या एका मोठ्या पेटीत सारे काही, आणि हवे ते नेहमी तळाशी.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदूचे निदान झाले. या आजारात बहुतेकदा कडेची नजर आधी जाते. समोरचे दिसत राहते आणि म्हणून माणसाला बराच काळ काही कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली सांभाळायची, एवढेच. डॉक्टरांकडून घरी आल्यावर मामाजींनी फारशी चर्चा केली नाही. त्या पावसाळ्यात त्यांनी एका मिलमधून जुन्या एलिव्हेटरच्या सागवानी फळ्या आणल्या आणि चार खणांचे एक कपाट करायला घेतले. डोळ्यांवर ताण कशाला, असे मामीजींनी म्हटल्यावर ते म्हणाले, "डोरे गेल्यावर खोबन्या कोन करन? दिसते तवरक करून घेतो."

खोबण हा शब्द इथे नीट ऐकावा. कपाट हे निमित्त होते. मामाजी खोबणी करत होते. प्रत्येक अवजाराला त्याच्या अंगाची जागा. यासाठी त्यांनी बाजारातून जवळजवळ काहीच आणले नाही. पेचकसांसाठी सागाच्या तुकड्याला भोके. पान्यांसाठी तिरप्या खाचांचा ठोकळा. तिरप्या अशासाठी की पाना आडवा ठेवला तर खणाची रुंदी खातो, उभा ठेवला तर खण बंद होत नाही. पकडींसाठी एक अरुंद पट्टी, तिच्यावर पक्कड घोड्यावर मांड टाकल्यासारखी बसते. कानशींसाठी बांबूच्या उभ्या चिरलेल्या कांड्या, कारण कानस कानशीला घासली की दोघींचे दात मरतात. पटाशीची धार कशालाही टेकू नये म्हणून तिच्या टोकाखाली जागा पोकळ, आणि दांड्याला सायकलच्या ट्यूबचे कडे. लहान स्क्रू आणि वायसर यांच्यासाठी एका बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक. खणांच्या तळाला मिलच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे, खण सरकायच्या पट्ट्यांना मेणबत्तीचे मेण, आणि गंज चढू नये म्हणून कोपऱ्यात कापराच्या वड्या. आजही तो खण उघडला की प्रथम देवघराचा वास येतो आणि मग ग्रीसचा.

पान्यांचा खण मला या सगळ्यांत अधिक वाचनीय वाटतो. मिस्त्री लोकांत इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार. जुन्या गिरण्यांतील यंत्रे या सुती मापाची. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली, पण कायद्याने बोल्ट बदलत नाहीत. त्यामुळे मिस्त्रीला दोन्ही मापांचे पाने बाळगावे लागतात. त्यांतही एक गंमत आहे. जुन्या इंची, व्हिटवर्थ पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा. पान्याचे तोंड त्याहून बरेच रुंद असते. मिलिमीटरच्या पान्यावरचा आकडा मात्र त्याच्या स्वतःच्या तोंडाचा. एक पाना दुसऱ्याच्या नावाने ओळखला जातो, दुसरा आपल्याच नावाने. नवशिका मिस्त्री इथे हमखास फसतो. मामाजींनी यावर उपाय केला तो असा : इंची पान्यांच्या खाचेपुढे लाकडाला कानशीने चिरा दिल्या, एका सुताला एक चीर, अर्ध्या सुताला अर्धी. मिलिमीटरच्या पान्यांपुढे पितळी खिळ्यांची डोकी ठोकली. सहा-सातच्या पान्यापुढे एक, आठ-नवाच्या पुढे दोन, असे करत वीस-बावीसच्या पुढे आठ. बोट फिरवले की कळते, आपण कोणत्या पद्धतीच्या राज्यात आहोत.

जाता जाता, 'सुतार' हा शब्द 'सूत्रधारा'वरून आला, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. नाटकातला सूत्रधार आणि लाकडावर सूत धरणारा यांचे नाव एकच. झाडीपट्टीसारख्या नाट्यवेड्या मुलखात याचे अप्रूप वाटायला हवे होते; पण मामाजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, नाटकवाल्याचे सूत किती इंचाचे? असो.

खरा मुद्दा क्रमाचा आहे. आपण शिकलेली माणसे वस्तू लावतो तेव्हा त्यांचे वर्ग करतो : पान्यांजवळ पाने, हातोड्यांजवळ हातोड्या. मामाजींच्या वरच्या खणात हे तत्त्व सर्रास मोडलेले आहे. तिथे मधोमध एक ओळ आहे, तीत दोन पाने, एक पेचकस, एक लहान हातोडी, एक चपटी पटाशी आणि तारेचा ब्रश, असे एकमेकांशी काहीही नाते नसलेले जिन्नस शेजारी बसले आहेत. बराच काळ मला ती ओळ नजर कमी होत असतानाची गफलत वाटे. ती हलरची ओळ आहे, हे मला मामेभावाने सांगितले. झाकणाचे नट उघडणे, पाते सैल करणे, अडकलेली जाळी ठोकून मोकळी करणे, चिकटलेला कोंडा खरवडणे, घासणे : काम ज्या क्रमाने होते त्या क्रमाने अवजारे डावीकडून उजवीकडे मांडलेली. म्हणजे ती ओळ एक वाक्य आहे. नाम, क्रियापद, विशेषण असे कप्पे तिच्यात नाहीत. ज्या ठिकाणी जे लागते ते तिथे आहे.

शब्दकोश याच्या अगदी उलट वागतो, आणि त्याला तसेच वागावे लागते. १८३१ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशात कारागिरांच्या शब्दांना मुबलक जागा मिळाली, हे त्याचे मोठेपण. पण वर्णक्रमात करवत कानशीजवळ आणि वाकस त्यांच्यापासून शेकडो पानांवर. फ्रेंच विश्वकोशाच्या दिदरोला ही अडचण जाणवली असावी. तो सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याने विश्वकोशातील नोंदी वर्णानुक्रमे लावल्या, पण १७६२ पासून निघालेल्या चित्रांच्या अकरा खंडांत प्रत्येक धंद्याची अवजारे त्या त्या धंद्याच्या पानावर, वर कारखान्याचे दृश्य आणि खाली सुटी हत्यारे, अशी एकत्र आणली. तरीही ती चित्रेच. आरी कोणती आणि तिला काय म्हणतात हे त्यांतून कळते. ती उचलण्याच्या आधी हातात काय होते, हे कळत नाही. मामाजींच्या खणाला कोश म्हणण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे, पण तो चुकीचा ठरेल. कोश सर्वांसाठी असतो. ही ओळ एका यंत्रासाठी आणि एका माणसासाठी आहे.

तिची परीक्षा अंधारात होई. २००० नंतरच्या त्या दशकात आणि पुढेही काही वर्षे आमच्याकडे भारनियमन दिवसाचे कित्येक तास असे. वीज नसली की मिल बंद, आणि मिल बंद असते तेव्हाच दुरुस्ती करायची असते. म्हणजे मिस्त्रीचे काम सुरू होते नेमक्या त्याच घटकेला दिवा गेलेला असतो. इतर मिस्त्री तोंडात टॉर्च धरून पेटी उपसत. मामाजी वरचे दोन खण काढून सायकलला बांधून नेत आणि हलरपाशी जमिनीवर मांडून बसत. नजर जसजशी कमी झाली तसतसा त्यांच्या कामातला फरक लोकांना उशिरा जाणवला, याचे कारण हेच असावे की अंधारातले त्यांचे काम पूर्वीपासून तसेच होते. ते सात-आठ वर्षे असे काम करत राहिले. काही मिलमालकांना त्यांना नीट दिसत नाही हे ठाऊकच नव्हते, आणि मामाजींनीही ते सांगायची घाई केली नाही. याचे मी समर्थन करत नाही. फिरत्या पट्ट्याजवळ कमी नजरेचा माणूस हे धोक्याचेच. पण घरात दुसरी कमाई नव्हती, हेही लिहायला हवे.

कामठ्याच्या शेजारी बिरसीला विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्रजांनी बांधलेली ती धावपट्टी २००५ च्या डिसेंबरात भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली आणि पुढे तिथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. शिकाऊ विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात. विमानदुरुस्तीच्या धंद्यात जगभर एक शिस्त पाळतात : अवजारांच्या खणात दुरंगी फोम असतो, त्यात प्रत्येक अवजाराच्या आकाराची खाच, आणि अवजार उचलले की खालचा भडक रंग दिसतो. सगळ्या खाचा भरल्याशिवाय विमान सोडत नाहीत, कारण इंजिनापाशी विसरलेला एक पेचकस पुरेसा असतो. हे मी मामाजींना समजावून सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. "मंग? खाली खोबनच तं बोलते," ते म्हणाले, "भरलेली चूप रायते."

या कलेचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या क्विन्सी गावच्या हेन्री स्टडली या पियानो-कारागिराची (१८३८–१९२५) भिंतीवरची पेटी. बंद केली की साधारण ३९ इंच उंच आणि वीसेक इंच रुंद. आत एकावर एक उघडणाऱ्या थरांत तीनशेच्या आसपास अवजारे. महोगनी, शिसव, हस्तिदंत, शिंपला. तिची छायाचित्रे पाहून कोणीही थक्क होईल. मला मात्र ती पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते. तिथे अवजारे फार देखणी बसली आहेत. पाहणाऱ्याकडे तोंड करून. मामाजींच्या खणातली अवजारे पाहणाऱ्याकडे पाठ करून आहेत, मुठी हाताकडे.

रिकाम्या खोबणीचा आणखी एक उपयोग होता तो उधारीचा. गावात अवजार मागून नेण्याची रीत आहे आणि परत आणण्याची तितकीशी नाही. मामाजी ज्याने नेले त्याची खूण त्या खाचेत ठेवत : तेलीबुवाकडची असेल तर भुईमुगाचे टरफल, शाळेतल्या शिपायाकडची असेल तर खडूचा तुकडा. खंडेनवमीला अवजारे बाहेर काढून, पुसून, तेल लावून, हळद-कुंकू वाहायचे, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचे नाही. आमच्या घरी त्या सकाळी आधी मोजणी होई. खडू आणि टरफले घेऊन आम्हा भाच्यांना गावभर पिटाळले जाई. पूजेला सगळी हजर पाहिजेत, असे मामाजी म्हणत. देवाचे नाव पुढे केल्यामुळे कोणाला राग येत नसे.

आता मामाजी फक्त उजेड आणि सावली ओळखतात. मामेभाऊ आयटीआयमधून फिटर झाला, गोंदियाला काम करतो. त्याच्याकडे बॅटरीवरचे ड्रिल आहे, गोटी पान्यांचा संच आहे, आणि तो संच आपल्या प्लास्टिकच्या डब्यासकट येतो. कारखान्यानेच खाचा पाडून दिलेल्या. त्याचे म्हणणे रास्त आहे : मिलींतली यंत्रे बदलली, सुती पाने वर्षातून एकदा लागतात, आणि वडिलांचा क्रम त्याच्या हाताला बसत नाही. मीही डोळे मिटून प्रयत्न केला आहे. चिरा मोजता येतात, पण हात ओळीत नेमका कोठे टेकवायचा ते कळत नाही; मामाजींच्या करंगळीपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर हेच त्या खणाचे माप आहे.

गेल्या दिवाळीत भावाने तिसरा खण मागितला. मामाजी दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच बसून त्यातले ठोकळे पटाशीने सोडवले, सुती पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून वेगळे केले आणि रिकामा खण त्याच्यापुढे सरकवला. फोम आणू नको, सागाचे तुकडे माळ्यावर आहेत, एवढेच सांगितले. ड्रिलची खोबण भावाने मागच्या महिन्यात पुरी केली. ती थोडी सैल झाली आहे, असे मामाजींचे मत पडले. आत पट्ट्याचा एक तुकडा चिकटवावा लागेल.