खाऱ्या हवेतली जुनी विमाने

संग्रहालयात ठेवलेले जुने विमान यंत्रही असते आणि दस्तऐवजही असते, आणि त्याच्या जतनाविषयीचे बहुतेक मतभेद या दोन भूमिकांपैकी कोणती आधी मानायची या प्रश्नातून निर्माण होतात. विमानाला पुन्हा उडण्याजोगे करणे, म्हणजे पुनरुज्जीवन, हे एक काम. आणि जे उरले आहे ते आहे त्या अवस्थेत थांबवून धरणे, म्हणजे जतन, हे दुसरे. ब्रिटनमध्ये उड्डाणक्षम करून २०१८ मध्ये भारतीय हवाई दलाकडे आलेला ‘परशुराम’ हा डकोटा पहिल्या प्रकारात मोडतो. त्यात बसणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असल्याने शंकास्पद वाटणारा प्रत्येक भाग तेथे बदलावाच लागतो. जे विमान पुन्हा कधीही जमीन सोडणार नाही, त्याच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही, आणि तरीही त्याच्यावर पुष्कळदा तसेच उपचार केले जातात: पत्रे बदलले जातात, रंग खरवडला जातो, आणि उद्घाटनाच्या दिवशी विमान जितके चकचकीत दिसते तितकी त्याच्याकडून मिळू शकणारी माहिती कमी झालेली असते.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेच्या परिसरात, हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण येथील हवा धातूला उसंत देत नाही. एका बाजूला ठाण्याची खाडी, मिठागरे आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि चेंबूरचा खत कारखाना, अशा पट्ट्यात हवेतले मीठ आणि इंधनाच्या ज्वलनातून येणारे गंधकाचे वायू एकत्र येतात. पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता इतकी असते की धातूवर ओलाव्याचा अदृश्य थर जवळजवळ कायम राहतो आणि त्या थरात विरघळलेले क्षार आपले काम शांतपणे करत राहतात. कोकण किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेल्या विमानांची गतही याहून फारशी वेगळी नसते.

विमान ॲल्युमिनियमचे असते आणि ॲल्युमिनियम गंजत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. शुद्ध ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होऊन धातूचे रक्षण करतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम विमानाच्या सांगाड्यासाठी फार मऊ असते, म्हणून त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू वापरला जातो. ज्या तांब्यामुळे बळकटी येते तेच तांबे धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमेवर साठून गंजाला वाट करून देते. मग पत्रा वरून धड दिसत असला तरी आतून फुगू लागतो आणि चिरोट्याच्या पदरांसारखे त्याचे थर सुटे होतात. या प्रकाराला पापुद्री गंज म्हणतात आणि एकदा तो खोलवर गेला की त्यावर उलटा उपाय नसतो. जेथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तेथे ओलाव्यात दोन भिन्न धातूंचा विद्युत्‌घट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते, आणि चाकांच्या तबकड्या किंवा गिअरपेट्यांची कवचे मॅग्नेशियम मिश्रधातूची असतील तर ती सर्वांत आधी पांढरी भुकटी होऊन ढासळतात.

या गंजाशी लढताना कारागिराने सर्वाधिक सावध राहावे ते स्वतःच्या हातांपासून. जुन्या विमानांचे बाहेरचे पत्रे पुष्कळदा दुपदरी संरक्षणाचे असतात: ड्युरॅल्युमिनच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा चढवलेला असतो आणि गंज अडवतो तो हा मुलामाच. पत्रा आरशासारखा दिसावा म्हणून यंत्राने घासला की मुलामा निघून जातो, त्या दिवशी विमान देखणे दिसते, आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याच जागी ठिपक्याठिपक्यांनी गंज उमटतो. रिव्हेट काढण्याचे कामही असेच. आधी रिव्हेटच्या डोक्याच्या मध्यावर खूण करायची, मग दांड्याच्याच मापाच्या गिरमिटाने डोके तेवढे कापायचे आणि मागून पत्र्याला आधार देऊन उरलेला दांडा हलकेच ठोकून बाहेर काढायचा. गिरमिट केसभर सरकले तरी भोक लांबट होते, त्यात मोठ्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो, आणि कारखान्यात मूळ कारागिराने ठेवलेले अंतर व माप कायमचे पुसले जाते. धुण्याचे पाणीही क्षारमुक्त लागते, आणि धुऊन निघालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून ते दुधाळ होते का हे पाहिले जाते. दुधाळपणा दिसत असेल तोवर पत्र्याच्या सांध्यांतून मीठ निघतच असते आणि त्यावर रंग चढवणे म्हणजे रोग आत कोंडणे होय.

रंगाचाही विचार तितक्याच सबुरीने करावा लागतो. गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल विमानसंग्रहालयात लॉकहीड कंपनीचे एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. एअर इंडियाच्या सेवेत त्याचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’ होते. पुढे ते हवाई दलात गेले आणि नंतर सागरी टेहळणीसाठी नौदलात आले. अशा तीन आयुष्ये जगलेल्या विमानाच्या रंगात थरांवर थर असू शकतात, आणि एखाद्या आडोशाच्या जागी रंग बोटभर रुंदीत उतरता घासत नेला तर ते थर झाडाच्या वलयांप्रमाणे क्रमाने उघडे पडतात. तळाशी लागणारा पिवळट-हिरवा थर बहुधा झिंक क्रोमेटचा असतो. हे गंजरोधक अस्तर परिणामकारक खरे, पण त्याची धूळ कर्करोगकारक असल्याने ते कधीही कोरडे खरवडू नये. रंग सरसकट काढून टाकण्याआधी या थरांची नोंद, छायाचित्रे आणि नमुने घेतले नाहीत तर विमानाच्या तीन आयुष्यांपैकी दोन संपतात.

दुरुस्तीच्या खुणांनाही हाच नियम लावावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला निकामी करून टाकून दिलेल्या अमेरिकी लिबरेटर बॉम्बफेकी विमानांतून चाळीसच्या आसपास विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी उभी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. इतरत्र या जातीची विमाने भंगारात वितळून गेली होती. त्यामुळे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयापासून अमेरिकेतील पिमा संग्रहालयापर्यंत अनेकांना लिबरेटर मिळाले ते भारतातून. आज त्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर ब्रिटिश किंवा अमेरिकी रंगसंगती आहे. त्या रंगाखालचे भारतीय हातांनी मारलेले ठिगळ हे दोष मानून काढायचे की पुरावा मानून राखायचे, या प्रश्नाचे उत्तर जतनाच्या बाजूने उघड आहे: विमान टिकले तेच त्या ठिगळांमुळे.

गंज कुठवर पोहोचला आहे हे विमान न उघडता कळले तर निम्मी लढाई जिंकली जाते, आणि येथे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचे विज्ञान थेट कामाला येते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेली ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी, आणि तिच्यावर चाललेल्या कामांपैकी एक होते न्यूट्रॉन-छायाचित्रण. क्ष-किरण जड धातूंत अडतात आणि हलक्या पदार्थांतून निघून जातात. न्यूट्रॉनचे वागणे निराळे, ते ॲल्युमिनियममधून सहज पार होतात पण हायड्रोजनशी गाठ पडताच विखुरतात. ॲल्युमिनियमच्या गंजात हायड्रोजनयुक्त संयुगे असतात, म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये दडलेला गंज न्यूट्रॉनच्या चित्रात डागासारखा दिसतो. याच गुणाचा उपयोग करण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने कॅलिफोर्नियातील मॅक्लेलन तळावर विमानांचे भाग तपासणारी खास अणुभट्टी उभारली होती. मुंबईत जुन्या विमानांचे जतन आणि अणुसंशोधन यांच्यात शहराच्या दोन टोकांइतकेच अंतर आहे, आणि ते ओलांडणे दोघांच्याही हिताचे ठरेल.

ट्रॉम्बेशी जोडलेला दुसरा धागा आहे तबकड्यांचा. अंधारात दिसाव्यात म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील उपकरणांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियम मिसळलेला रंग लावत असत. रेडियमच्या किरणांनी चमकणारे झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होते, त्यामुळे तबकडी विझलेली दिसते. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याची मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ, मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. अशी तबकडी कधीही उघडू नये, तिची काच फुटू देऊ नये, बंद कॉकपिटमध्ये साठणारा रेडॉन वायू निघून जाईल अशी हवा खेळती ठेवावी, आणि मोजमापाशिवाय एकही उपकरण हातात घेऊ नये. किरणोत्सर्गापासूनच्या सुरक्षेचे नियमन करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तिनगरातच आहे, तेव्हा या कामी सल्ला मिळवण्यासाठी मुंबईच्या संग्रहालयांना दूर जावे लागत नाही.

अवशेष शोधून वर काढण्याच्या कामात विज्ञानाइतकाच विवेक लागतो. २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतून वर काढलेले जर्मन डॉर्निअर विमान अनेक दशके समुद्रतळाशी होते. हवा लागताच ते वेगाने झिजू नये म्हणून त्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे दीर्घकाळ मारण्यात आले. नॉर्वेतील तळ्यातून १९७३ मध्ये काढलेले हॅलिफॅक्स विमान लंडनमध्ये मोडक्या अवस्थेतच ठेवले आहे, आणि ते तसेच बोलके आहे. ट्रॉम्बेच्या दृष्टीने सर्वांत जवळचे अवशेष मात्र आल्प्समध्ये आहेत. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ माँ ब्लाँवर कोसळले आणि विमानातील सर्व ११७ जण गेले, त्यांत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचे निर्माते डॉ. होमी भाभाही होते. पुढल्या वर्षी त्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. बॉसाँ हिमनदी सरकत सरकत त्या विमानाच्या वस्तू आजही खाली आणते: २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची थैली सापडली, २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू आणि नीलमांची पेटी मिळाली आणि त्याने ती पोलिसांच्या हवाली केली. अशा अवशेषांना सरळ करणे, रंगवणे, जोडणे हा त्यांचा अपमान ठरेल. ते जेथे आणि जसे सापडले त्याची अचूक नोंद, आणि ज्यांचे आप्त गेले त्यांच्याविषयीचा आदर, एवढेच येथे जतन.

या सर्वांतून जो क्रम निघतो तो साधा आहे, तरी व्यवहारात तो नेमका उलटा केला जातो. पहिला खर्च छपरावर व्हावा, दुसरा नोंदींवर, आणि रंगावर सर्वांत शेवटी. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, पण खाऱ्या पाण्यात तिचा सांगाडा टिकवण्याचा खर्च न झेपल्याने ती २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. संग्रहालय सुरू करण्याचा खर्च एकदाच असतो, राखण्याचा दरवर्षी असतो, हा तिचा धडा आहे. चबुतऱ्यावर उघड्यावर उभारलेल्या प्रत्येक विमानाला तो लागू पडतो: पोटाखालची पाणी निघून जाण्याची भोके दर पावसाळ्याआधी मोकळी करणे, टायरवरचा भार टेकूंवर घेणे, घरटी काढणे, वर्षातून दोनदा क्षारमुक्त पाण्याने धुणे, ही कामे कोणाच्याही छायाचित्रात येत नाहीत आणि विमान टिकते ते त्यांच्यावरच. म्हणून ज्या संस्थेकडे या वार्षिक कामांसाठी माणसे आणि तरतूद नाही, तिने विमान मागू नये. आणि ज्या संस्थेकडे ती आहे, तिने पहिल्या दिवसापासून केलेला प्रत्येक उपचार तारखेसह लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीच्या कारागिराला कारखान्याचे काम कोणते आणि आपल्या आधीच्या हातांचे कोणते, हे पत्रा न उचकटता कळेल.