डोळ्याचं वय

ऊतीसंवर्धन, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोप करणं, म्हटलं की आपल्याकडे जळगावची केळी आठवते, आणि घरी झाडं करू पाहणाऱ्याची फसगत तिथूनच सुरू होते. केळ हे झाडच नव्हे. तिच्या कंदातला कोंब कायम कोवळा. सागाचं तसं नाही. जुन्या सागाच्या फांदीवरचा डोळा बाटलीत जाताना झाडाचं वयही सोबत नेतो. म्हणून घरच्या प्रयोगात निर्जंतुकपणापेक्षा डोळा कुठून घेतला याला मी अधिक महत्त्व देतो. निर्जंतुकपणा साधता येतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली मांडलेल्या पोषक माध्यमाची तयार पूड मिळते. लिटरमागे ३० ग्रॅम साखर आणि अगर घालून बाटल्या १५ पौंड दाबाच्या कुकरमध्ये २० मिनिटं ठेवायच्या. जुना डोळा मात्र कापताच तपकिरी रस सोडतो, माध्यम काळवंडतं आणि तुकडा स्वतःच्याच रसाने मरतो. अंधार, सक्रिय कोळसा, वरचेवर नवं माध्यम यांनी ते आवरतं, पण फुटलेल्या कोंबाला मुळं येतीलच असं नाही. वाढीच्या दृष्टीने झाडाचा तरुण भाग शेंड्याला नसतो, बुंध्याशी असतो. धुमारे तिथले घ्यावेत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या सुमारास १०० वर्षांच्या सागापासून रोपं केली, मग वयाचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल. कोंब पुन्हापुन्हा नव्या माध्यमात हलवत गेलं की तो हळूहळू तरुण होतो, हे खरं. पण त्या फेऱ्यांत वाया जाणाऱ्या बाटल्या प्रयोगशाळेला परवडतात, घरच्या फळीवरच्या वीस बाटल्यांना नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बी असताना हा खटाटोप का? कडुनिंब, जांभूळ यांना खरोखरच बी पुरे, आंब्याला कलम. निवडलेलं एकच झाड जसंच्या तसं हवं असेल आणि छाटाला मुळं धरत नसतील, तिथेच बाटली काढावी. एकाच वाणाची रोपं रोगाला एकदम बळी पडतात, ही भीती रास्त आहे. ती हापूसच्या प्रत्येक कलमी बागेलाही लागू आहे. म्हणून मातृवृक्ष चार-पाच तरी ठेवावेत.

सर्वांत जास्त रोपं मरतात ती मात्र बाटलीबाहेर आल्यावर. आतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही, पर्णरंध्रं मिटायला शिकलेली नसतात. मुळांवरचा गोड अगर धुऊन रोप कोकोपीटमध्ये लावावं, वर प्लास्टिकची पिशवी घालावी आणि ती रोज थोडी थोडी उघडत तीन-चार आठवडे घ्यावेत.