पाण्याला वास येतो

घरातील वृद्ध व्यक्ती ‘पाण्याला वास येतो’ म्हणून पाणी नाकारते, तेव्हा आपण काय करतो? बहुधा माठातले घोटभर पाणी स्वतः पिऊन पाहतो, आपल्याला वास येत नाही, आणि ‘काही वास नाही, प्या बघू’ असे म्हणून मोकळे होतो. गेल्या उन्हाळ्यात मीही नेमके तेच केले. अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायानंतर ते मला शोभणारे नव्हते.

आजी ८२ वर्षांच्या. हाताला कंप असल्यामुळे पेला सांडे, म्हणून सुनेने त्यांच्यासाठी नळी असलेली प्लॅस्टिकची बाटली आणली होती. आजी पाणी पीत नाहीत, हट्ट करतात, अशी तक्रार आल्यावर मी घरी जाऊन त्यांना तपासले. जीभ कोरडी होती. औषधाने तोंडाची चव बिघडली असेल, असे मी सांगून टाकले. काही औषधांनी तसे होते हे खरे. मेट्रोनिडाझोल घेणाऱ्याच्या तोंडाला धातूसारखी चव येते. पण आजींना तसे एकही औषध चालू नव्हते. मी कारण शोधले नव्हते, केवळ उत्तर दिले होते.

दोन दिवसांनी आजी मुलाला ओळखेनात. लघवी अगदी थोडी आणि गडद. शरीरातील पाणी कमी झाल्याने वृद्धांना असा भ्रम होऊ शकतो, कारण उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते आणि शरीरातील पाण्याचा साठाही तरुणपणापेक्षा कमी असतो. रुग्णालयात तीन दिवस सलाईन द्यावे लागले.

घरी परतल्यावर आजींनी माझ्यादेखत ती बाटली पुन्हा दूर ढकलली. या वेळी मी धुऊन वाळवलेली नळी काढून नाकाशी धरली. हिंगाचा वास, त्यामागे ताकाचा आंबूसपणा. ‘दुपारचं ताक यातूनच देते, पण रोज साबणानं, गरम पाण्यानं धुते हो, डॉक्टर,’ सून कळवळून म्हणाली. ती खरेच बोलत होती. बाटली लख्ख होती.

तेव्हा मला माझ्याच दवाखान्यात येऊन गेलेला एक तरुण आठवला. तो पुण्यात एका ठिकाणी बिअरच्या नळ्या स्वच्छ करण्याचे काम करतो. (मी स्वतः बिअर पीत नाही, आणि कुणी प्यावी असे येथे सुचवतही नाही.) कॉस्टिक उडून त्याचा हात भाजला होता. त्याने वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धरून ठेवला होता, म्हणून जखम उथळ राहिली. मलमपट्टी करताना मी सहज विचारले, एवढे दाहक रसायन कशाला? त्याचे उत्तर मी तेव्हा करमणूक म्हणून ऐकले.

पिंपापासून तोटीपर्यंत बिअर ज्या नळीतून येते तिला ते ‘लाइन’ म्हणतात. तीत तीन वेगवेगळ्या गोष्टी साचतात. पहिली, जंतू आणि यीस्टचा बुळबुळीत थर; त्यातील काही जंतूंमुळे बिअरला लोण्यासारखा, काहींमुळे व्हिनेगरसारखा वास येतो. तो कॉस्टिकने निघतो. दुसरी, कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण पापुद्रा. त्याला आम्ल लागते. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत कॉस्टिकची सफाई दर १४ दिवसांनी आणि आम्लाची दर ३ महिन्यांनी करावी असे आहे. तोटी सुटी करून घासायची ती वेगळीच. तिसरी गोष्ट मात्र कशानेच जात नाही. फळांच्या स्वादाची बिअर किंवा सायडर वाहून गेले, की तो स्वाद मऊ प्लॅस्टिकच्या आत मुरतो आणि पुढच्या साध्या बिअरमध्ये हळूहळू उतरत राहतो. ‘मग काय करतोस?’ या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘काही नाही, सर. नळी बदलतो.’

आजींच्या बाटलीत हेच घडले होते. हिंगाचा वास देणारी द्रव्ये तेलात विरघळणारी असतात. ती मऊ नळीत आणि झाकणाच्या रबरी चकतीत शिरतात. साबण पृष्ठभाग धुतो, आतले त्याच्या हाती लागत नाही. घरातील इतरांनी माठातले पाणी चाखले होते, आजींच्या नळीतले कुणीच नाही.

तेव्हा आपल्या घरी पाणी नाकारले गेले, तर ज्या भांड्यातून रुग्ण पितो त्याच भांड्यातले पाणी हुंगून पाहा. पाण्याची बाटली पाण्यालाच ठेवा. ताक, सूप, काढा यांसाठी स्टीलचे भांडे बरे. नळी आतून बारीक ब्रशने घासा, चकती काढून धुवा, सारे सुटे करूनच वाळवा. क्षारांचा पांढरा थर पातळ व्हिनेगरने सुटतो. आत मुरलेल्या वासाशी मात्र झुंजू नका. नळी आणि चकती नवी आणा. कॉस्टिक घरात मुळीच नको. ब्लीचिंगचे द्रावण आणि व्हिनेगर किंवा शौचालयाचे आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गिळताना ठसका लागत असेल, तर भांडे बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती पाळा.

त्या दिवशी सुनेने आजींना टेकवून बसवले आणि स्टीलच्या फुलपात्रात अर्धेच पाणी घेऊन ते आपल्या हाताने धरले. आजींनी आधी हुंगले. मग माझ्याकडे पाहत सावकाश सगळे पाणी संपवले आणि फुलपात्र पुन्हा पुढे केले.