नववीचा रकाना

सत्राच्या अखेरीस आठवीच्या मुलांना निरोप देण्याचा दिवस आमच्या निवासी शाळेत सणासारखा असतो. पहाटेच पटांगण झाडून होते, मुले शुभ्र वस्त्रे घालून विहारात बसतात, त्रिसरण-पंचशील होते आणि दुपारच्या पंगतीत पुऱ्या, शेवभाजी, बुंदी वाढली जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून, तापीकाठच्या वस्त्यांतून आलेले आईवडील शिरपूरच्या एस.टी. स्थानकावर उतरून चालत येतात. पाचवीत पत्र्याच्या पेटीला बिलगून रडलेले मूल आता तीच पेटी स्वतः उचलून निघते, तेव्हा आम्हा शिक्षकांचे डोळे भरून येतात. तो आनंद खरा असतो; तरी पुष्कळ वर्षे या दिवशी आमच्या हातून एक चूक होत आली. ती या स्मरणिकेत नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमची शाळा आठवीपर्यंत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याची हमीही सहा ते चौदा वयाच्या मुलांना, आठवीपर्यंतचीच. जेथे आमचे छप्पर संपते, तेथेच कायद्याचेही संपते. पुढे कापसाची वेचणी असते, गुजरातेतील ऊसतोड असते, धाकट्या भावंडांचा सांभाळ असतो आणि मुलींच्या बाबतीत लग्नाची बोलणी. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तरीही दाखला हाती दिला, फूल दिले, छायाचित्र काढले की आपले कर्तव्य पार पडले, असे आम्ही मानीत होतो. एकदा पंगतीत एका आईने विचारले होते, "सर, आते पुरं झायं ना शिकनं?" "छे, आता तर खरी सुरुवात," असे हसून म्हणत आम्ही पुढच्या पानावर वाढायला गेलो.

काही वर्षांनी ३१ जुलैला आम्ही लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गेलो. १९३७ साली एका खटल्याच्या कामी धुळ्यास आले असता बाबासाहेबांचा मुक्काम तेथे झाला होता. त्या स्मृतीस वंदन करण्यासाठी दरवर्षी लोक जमतात. त्या गर्दीत त्याच आईची मुलगी भेटली. वर्गात तिचा पहिला क्रमांक असे. आता तिच्या कडेवर मूल होते. ती म्हणाली, "सर, तुम्ही दिलेला दाखला माझ्या पेटीत अजून तसाच आहे." परतीच्या वाटेवर आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

दर ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, आम्ही मुलांना सांगत आलो, की १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. पुढे १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. या दोन प्रसंगांच्या मधल्या वर्षांत सुभेदार रामजींनी मुलाचा हात सोडला नव्हता. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगितली. स्वतः मात्र पुरती ऐकली नव्हती.

त्यानंतर आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढला : नववी प्रवेश, शाळा आणि दिनांक. निरोपाचा समारंभ पूर्वीसारखाच होतो, पण भेटीचे पुस्तक त्या दिवशी दिले जात नाही. ते जूनमध्ये, नववीच्या हजेरीपटावर नाव चढल्यावर मिळते. पालकांसोबत आम्ही हायस्कुलाच्या कार्यालयात जातो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज यांसाठी खेटे घालतो. जे मूल दिसत नाही, त्याच्या घरी जातो. तरीही काही रकाने कोरे राहतात. कोऱ्या रकान्यावर आम्ही रेघ मारीत नाही. पुढच्या जूनला पुन्हा विचारतो.

माजी विद्यार्थ्यांस विनंती एवढीच, की आपल्या गावातील आमचे मूल जूनमध्ये शाळेऐवजी शेतात दिसले, तर आम्हांस कळवावे आणि जमल्यास त्याच्या बापाशी दोन शब्द बोलावे. आमच्या बोलण्यापेक्षा तुमच्या बोलण्याचे वजन त्याला अधिक वाटेल.

त्या मुलीने आता बाहेरून दहावीला बसण्याचे, १७ नंबरचा अर्ज भरण्याचे मनावर घेतले आहे. दाखला पेटीतून निघाला आहे. अर्ज अजून भरायचा आहे.