तिथीच्या पाऊणपट

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यापासून सोमवारी सकाळचं स्टँडअप सुरू होईपर्यंत साधारण साठ तास मिळतात. ऐरोलीत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांचं सगळं फिरणं या साठ तासांत बसवावं लागतं. अलिबाग त्यात सहज बसतं. गेटवेवरून बोटीनं तासाभरात मांडवा, तिथून बस. मित्रमैत्रिणींबरोबर मी चारदा गेले आहे. तेव्हाचं प्लॅनिंग म्हणजे ग्रुपवर एक पोल, संपलं.

या वेळी न्यायचं होतं आई-बाबांना, आणि ते अकोल्याचे. चोपन्न वर्षांच्या माझ्या आईनं समुद्र पाहिलेला नव्हता. ती माझ्याकडे तीनदा येऊन गेली होती. एकदा माझी खोली लावून द्यायला, एकदा मला डेंगी झाला तेव्हा आणि एकदा ठाण्यात मावसभावाचं लग्न होतं म्हणून. कामाशिवाय कुठे जायचं असतं हे तिच्या डोक्यात बसत नाही.

"कायले एवढा खर्च करतं?" ती फोनवर म्हणाली. "तुह्यं लगन झालं का मंग जाऊ, जावयासंग."

आमच्या घरात बऱ्याच गोष्टी माझ्या लग्नानंतरच्या खात्यात टाकलेल्या आहेत. नवा फ्रिज, घराला रंग, तिरुपती. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि त्या खात्याला तारीख नाही. पण आईच्या गुडघ्यांना आहे. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचं सांगितलंय, वर्षभरात. मला तिला ती स्वतःच्या पायांनी चालतेय तोवर न्यायचं होतं. आणि नुसतं वाळूत बसवायचं नव्हतं. कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत चालत न्यायचं होतं.

अलिबागच्या किनाऱ्यावरून समोर दिसतो तो हा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. तटाचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ. भरतीला तिथे होडीनं जावं लागतं. ओहोटीला मात्र समुद्र मागे सरकतो आणि माणसं चालत जातात. घोडागाड्याही जातात.

म्हणजे सगळा प्लॅन ओहोटीवर अवलंबून. शनिवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसनं ते दोघं मुंबईत उतरणार, अलिबागला पोचेपर्यंत दुपार. उरली रविवारची सकाळ. मला असा रविवार हवा होता, ज्या दिवशी नऊ-साडेनऊला ओहोटी असेल. मी फोनवर भरतीचे तक्ते उघडले आणि स्प्रेडशीट करायला घेतली. मध्येच राहायच्या जागेसाठी अलिबागच्या एका काकांना फोन केला. तारखा सांगायला लागले तर ते म्हणाले, "तारीख काय कामाची? तिथी कोणती ते सांगा."

मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर.

मी इंजिनीअर असल्यामुळे लगेच पडताळून पाहिलं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीला ०.८ तास, अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण म्हणजे पंचेचाळीस. पौर्णिमेपर्यंत चूक पाऊण तासावर जाते, पण पक्षाच्या सुरुवातीला ती दहा-पंधरा मिनिटांचीच असते. तोंडी हिशोबासाठी ०.८ पेक्षा पाऊण केव्हाही सोपं. पाणी किती मागे जाणार हेही तिथीच सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं हटत नाही आणि चालत जायचं अवघड होऊन बसतं.

थोडक्यात, मला पौर्णिमेनंतरची पंचमी रविवारी हवी होती. पावणेचारला भरती, साडेनऊच्या सुमाराला ओहोटी. मी आईला फोन केला. तिनं भिंतीकडे पाहिलंसुद्धा नसावं.

"पुढच्या महिन्यात शनिवारी चतुर्थी हाय. म्हंजे रविवारी पंचमीच ना."

आई वीस वर्षं संकष्टी करते. तिच्या आयुष्यात वीकेंड नाही. शनिवार-रविवारी बाबांची शाळा बंद असायची, म्हणून तिचं काम वाढायचं. तिचा महिना एकादशी, चतुर्थी, अमावास्येवरून सरकतो, आणि मला तो नेहमी फक्त उपासांचा महिना वाटायचा. समुद्राचा महिनाही तोच आहे हे मला अलिबागच्या काकांकडून कळलं.

मी तिला गणपतीचं देऊळ सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पाण्यातून चालत जा लागते?" मी वेळापत्रक समजावलं. इथे घाई चालत नाही, पाणी चढायला लागायच्या आत परतायचंच. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजची सहलीला आलेली मुलं बुडाली, त्या बातमीनंतर बाबा माझ्या प्रत्येक कोकण ट्रिपला धास्तावतात. त्यांना मी तक्ता पाठवला. त्यांनी तो छापून आणला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला.

शनिवारी रात्री आम्ही वाळूत चंद्राची वाट पाहत बसलो. समुद्र पश्चिमेला, चंद्र उगवणार मागच्या नारळांतून. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर आलेली माझी आई समुद्राकडे पाठ करून बसली होती. मध्येच मान वळवून बघायची, की अजून आहे ना.

सकाळी तिनं घोडागाडी नको म्हटलं. एका हातात निऱ्या, दुसऱ्यात माझा दंड. पाणी घोट्यापर्यंत, कुठे पोटरीपर्यंत. दगडांत दोनदा थांबली. बाबा पुढे जाऊन मागे बघत उभे राहायचे. पाऊण तास लागला. देवळात ती फार बसली नाही. "चाला," म्हणाली, "पावणेचारले भरती हाय, पण पाणी त्याच्या आधीच यायले लागन."

जानेवारीत नवीन कालनिर्णय घरी आलं. आईनं बारा पानांचे फोटो पाठवले. शनिवारी येणाऱ्या चतुर्थ्यांना निळ्या पेनानं गोल केलेला. त्यातला एक ऑपरेशनच्या नंतरचा आहे.