तळं आणि बर्फ, दोघांची साक्ष

हौद रिकामा झाला, की भिंतीवर क्षाराची पांढरी रेघ उरते. पाणी कुठवर होतं, ते ती रेघच सांगते. बोलिव्हियातल्या उयुनी मिठागराभोवतीच्या डोंगरांवरही अशीच रेघ आहे, मात्र मिठापासून शंभर मीटरहून अधिक उंच. सुमारे १६,००० वर्षांपूर्वी इथे ताउका सरोवर होतं. विस्तार जवळपास ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा.

एवढं पाणी आलं कुठून? ‘पाऊस जास्त पडला’ हे उत्तर घाईचं आहे. हवा गार असली तर बाष्पीभवन घटतं आणि बेताच्या पावसावरही तळं फुगतं. हिमनदीचंही तेच. ती थंडीने वाढते, तशी भरपूर बर्फ पडल्यानेही वाढते. एकेकट्याची साक्ष अपुरीच.

म्हणून अभ्यासक तुनुपा चढतात. मिठागराच्या उत्तरेचा हा ५,३२१ मीटर उंचीचा थंडावलेला ज्वालामुखी. उतारावर हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे बांध, म्हणजे हिमोढ, आणि खाली ताउकाचा जुना काठ. दोन्ही साक्षीदार एकाच डोंगरावर!

खरी कसोटी लागते ती दगड निवडताना. नंतर गडगडत आलेला नको, मातीत गाडलेला नको; बांधाच्या माथ्यावर घट्ट बसलेलाच हवा. छिन्नी-हातोड्याने वरचे काही सेंटिमीटर काढायचे. भोवतीच्या शिखरांनी आकाश किती झाकलंय, तेही मोजून वहीत टिपायचं. कारण बर्फ हटल्यावर उघड्या पडलेल्या दगडावर विश्वकिरण आदळत राहतात आणि त्याच्या खनिजांत हेलियम-३ साठत जातं. किती साठलं, त्यावरून दगड केव्हा उघडा पडला ते कळतं. निवड चुकली, तर प्रयोगशाळेतलं महागडं यंत्रही चुकीचंच वय सांगणार.

काठावरच्या चुन्याच्या थरांचं वय रेडिओकार्बन आणि युरेनियम-थोरियमवरून निघतं.

दोन्ही वयं जुळली. सरोवर तुडुंब होतं तेव्हा हिमनदीही खाली उतरलेली होती. मग दोन समीकरणं, दोन अज्ञातं: तापमान आणि पाऊस. उत्तर आलं ते असं की हवा आजच्यापेक्षा सुमारे तीन अंशांनी गार होती आणि पाऊस दुपटीहून जास्त. त्या काळी उत्तर अटलांटिक थंडावला होता आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला होता.

उयुनीला जाणारे प्रवासी इंकावासी बेटावर निवडुंगांचे फोटो काढतात. जमल्यास तिथे खाली वाकूनही पाहावं. खडकांना चिकटलेला तो पोवळ्यासारखा खरबरीत थर त्या सरोवराच्या पाण्यात शेवाळाच्या साथीने घडलेला आहे. तो तोडून खिशात घालू नये.